न विचारता सोडलेलं पाणी

पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो यंदा परतलाच नाही. गडचिरोलीतल्या माझ्या खिडकीतून दिसतं तेवढं आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं लख्ख आहे, आणि खाली कुवारचं ऊन. आश्विनाला आमच्याकडे कुवार म्हणतात. पुण्याकडून आलेल्या सुनेला हे मी कितीदा सांगितलं, ती अजून 'ऑक्टोबर हीट'च म्हणते. म्हणू दे बापडी. ऊन काही नाव विचारून पडत नाही.

सकाळी गावाहून भाच्याचा फोन आला. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, प्रकाश. तो शेती पाहतो. "आत्या, धान पोटरीत आला. पाणी नाई, पण तू चिंता नको करू. मोटार चालू आहे."

मी बरं म्हणाले. चिंता मला नव्हतीच. खरं सांगू का, मला हल्ली काहीच नसतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय जसा आपला वाटेनासा होतो, तसं मनाचं झालंय. चिमटा काढला तर कळतं, दुखत नाही. फोन ठेवला, चहा घेतला, पेपर उघडला. 'धान पोटरीत आला' एवढेच शब्द कानात राहिले, आणि दुपारपर्यंत गेले नाहीत.

पोटरीत येणं म्हणजे रोपाच्या पोटात लोंबी तयार असते पण बाहेर पडलेली नसते. धानाला त्या दिवसांत पायाशी पाणी लागतंच. हस्त नक्षत्र बरसलं तर प्रश्न नाही. हस्त कोरडा गेला की तलाव. तलाव नसला की मग लोंबी निघते खरी, पण हातावर चोळली तर नुसता कोंडा. बायका ती लोंबी चोळून पाहायच्या आणि पदराला हात पुसायच्या. मी हे पाहिलंय, म्हणून सांगते.

असा कोरडा हस्त मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्याच्या दुसऱ्या साली पडला होता. मी तेव्हा परकर सोडून नुकती लुगडं नेसायला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

आमचं गाव वैनगंगेपासून दोन कोसांवर. नदीकाठच्या मार्कंड्याच्या जत्रेला आम्ही बैलबंडीनं जायचो, सकाळी निघालं की उन्हाच्या आत पोचायचो. पण नदीचा आमच्या शेतांना उपयोग शून्य, नदी खाली आणि शेतं वर. शेतं जगायची ती गावाच्या वरच्या अंगाच्या तलावावर. जुन्या लोकांनी टेकडीच्या दोन बाहींमध्ये मातीची पार घालून पाणी अडवलेलं. पारीवर मोहाची झाडं, पाण्यात कमळं, एका अंगाला शिंगाडे. पारीच्या पायथ्याशी पाण्यात एक दगडी खांब उभा होता, त्याला एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडी दट्टा ठोकलेला. त्याला तुडूम म्हणायचे. दट्टा काढला की पाणी पारीच्या पोटातून पलीकडे पाटात निघायचं. वरचा दट्टा हातानं निघायचा, खालच्यांसाठी बुडी मारावी लागायची.

ही बुडी मारणारा माणूस माझा बाप. त्याच्या आधी त्याचा बाप. गावात दुसऱ्या कोणी तुडुमाला हात लावायचा नाही, अशी रीत होती.

आणि बापानंही मनात आलं म्हणून लावायचा नाही. मालगुजार आपल्या हातानं नारळ द्यायचे. तो नारळ घेऊन बाबा पारीवर जायचे, तिथल्या देवाला फोडायचे, आणि मग पाण्यात उतरायचे. नारळ म्हणजे हुकूम. नारळ मिळाला नाही तर शेतं जळोत की राहोत, तुडूम बंद. पाणी सुटलं की आधी मालगुजारांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरायच्या, त्या भरून पोटभर झाल्या की मग गावाच्या. उन्हाळ्यात पारीवर माती टाकायला, पाट उपसायला घरटी एक माणूस फुकट जायचा. त्याला बेगार म्हणत. कोतवाल दारावर काठी वाजवायचा, माणूस टोपली घेऊन निघायचा. ताप आहे, बायको बाळंत आहे, हे सांगायची सोय नव्हती.

बाबांना यात काही वावगं वाटायचं नाही. वाटत असेल तर ते आम्हाला कधी दिसलं नाही. मालगुजारांच्या घरावरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, त्या त्यांच्या हातात आपोआप यायच्या. अंधार असो, कोणी पाहत नसो, तरीही. मी एकदा विचारलं, "बाबा, आता तं कोणी नाई पाहून राह्यलं." ते म्हणाले, "पायाले सवय आहे बाई."

भाऊ वेगळाच. गोविंदा त्याचं नाव, मी भाऊ म्हणायची. चांद्याला मामाकडे राहून शिकला. तेव्हा चंद्रपूर कोणी म्हणत नसे, चांदाच. तिथे त्यानं प्रभातफेऱ्या पाहिल्या, सभा ऐकल्या, झेंडा चढताना पाहिला. परत आला तो भांग पाडून आणि पायजमा घालून. मायनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हे काय गा, पाय कुठी गेले तुहे?" आम्ही पोट धरून हसलो. भाऊसुद्धा हसला. बाबा हसले नाहीत. त्यांना त्या पायजम्याची भीती वाटली असावी, आता मला तसं वाटतं. धोतर वर खोचून वाकता येतं. पायजमा घालून वाकायचं कसं, हा त्यांचा प्रश्न असेल.

मालगुजारी गेल्याची बातमी भाऊच घेऊन आला. आता गाव सरकारचं, तलाव सरकारचा, आणि सरकार म्हणजे आपण. असं तो चावडीसमोर उभा राहून म्हणाला. म्हातारी माणसं ऐकून घेत होती आणि मधून मधून मालगुजारांच्या घराकडे पाहत होती. सोमा मडावी म्हणून आमच्याकडे येणारा एक माणूस होता, पलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरचा म्हणजे वस्तीवरचा, मोहफुलं आणि मध आणायचा. तो शांतपणे म्हणाला, "तुमचा तलाव सरकारचा झाला. आमचं जंगलबी सरकारचं झालं म्हंतेत. मंग हे सरकार राह्यते कुठी, तेवढं सांगून ठेव. काई लागलं तं जाऊन येतो."

त्या उन्हाळ्यात भाऊनं एक केलं. कोतवालाची काठी दारावर वाजली तेव्हा बाहेर जाऊन म्हणाला, "बेगार बंद झाली. तुले कोणी पाठवलं?" कोतवाल गोंधळला. त्यालाही कोणी पाठवलं नव्हतं, दरसालचा महिना आला म्हणून तो आपला निघाला होता. तो काठी बगलेत धरून परत गेला आणि त्या साली पारीवर कोणी गेलं नाही.

बाबा एकटे गेले. उन्हाळाभर सकाळी टोपली घेऊन जायचे. भाऊ चिडायचा. "कोणासाठी करून राह्यले तुमी? आता कोण मालक आहे?" बाबा म्हणायचे, "पार तं आहे ना."

लोकांना अशा वेळी कोणाची तरी बाजू घ्यायची असते. मला घेता येत नाही. तेव्हाही आली नाही आणि आता इतकी वर्षं झाली तरी नाही. भावाचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. फुकट राबवणं ते फुकट राबवणंच, त्याला रीत म्हणून गोड कसं करायचं? आणि बाबांची टोपलीही खरी होती. दोघं एकाच ताटलीतलं लाखोळीचं वरण ओरपणारे, एकाच घोंगड्यावर बसणारे, पण बाबा जन्मले ते कोणीतरी वरून बोलेल तेव्हा हलायच्या दिवसांत, आणि भाऊ वयात आला तो वरचं कोणी उरलं नाही असं सांगणाऱ्या दिवसांत. यात दोघांचंही कर्तृत्व काही नाही. कोण कुठल्या साली जन्मला, एवढंच.

तर हस्त कोरडा गेला. गावात भुलाबाई बसल्या होत्या. आम्ही पोरी संध्याकाळी या अंगणातून त्या अंगणात गाणी म्हणत फिरायचो, खिरापत ओळखायचो. दिवसा त्याच पोरी आयांबरोबर बांधीच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभ्या राहून भेगा पाहायच्या. आधी केसाएवढ्या, मग बोट जाईल एवढ्या. धानाचा रंग उतरत गेला. तलावात मात्र पाणी होतं. कमळं होती, बगळे होते, ढिवर कोळ्यांची पोरं डोंगा घेऊन शिंगाडे काढत होती. पारीवर उभं राहिलं की एका अंगाला भरलेलं पाणी आणि दुसऱ्या अंगाला वाळत चाललेला धान, मध्ये फक्त माती आणि काही लाकडी दट्टे. आणि एक माणूस, जो नारळाची वाट पाहत होता.

लोक घरी यायला लागले. "सोड ना गा पाणी." बाबा म्हणायचे, "विचारून येतो."

ते आधी मालगुजारांकडे गेले. मालगुजारी गेल्यापासून तो माणूस घराबाहेर पडत नव्हता, अर्धा वेळ नागपुरातच असायचा. परत येऊन बाबांनी मायला सांगितलं ते मी चुलीजवळ बसून ऐकलं. मालक म्हणाले, तलाव माझा नाही, मला विचारू नका. नारळ सरकारकडे मागा.

रागानं म्हणाले की खरंच म्हणाले, हे बाबांना कळलं नव्हतं. मायला वाटलं, राग आहे. बाबांना वाटलं, ही परीक्षा आहे. आपण नारळाशिवाय हात लावतो का, हे मालक पाहत आहेत.

मग ते तहसिलीच्या गावी पायी गेले, कचेरीत. तिथल्या बाबूनं चांगली वागणूक दिली, बसायला सांगितलं. म्हणाला, या तलावांबद्दल वरून हुकूम यायचाय, आला की कळवतो. बाबा दुसऱ्या दिवशी घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "हुकूम येऊन राह्यला."

आज हे सांगताना मला हसू यायला हवं. येत नाही. कारण याच्यापुढचं मला माहीत आहे. हाच माझा भाऊ, बेगार बंद झाली म्हणून कोतवालाला परत पाठवणारा, म्हातारपणी त्याच तलावाची पार दुरुस्त व्हावी म्हणून गडचिरोलीला खेटे घालायचा. एसटीनं यायचा, माझ्याकडे उतरायचा, धुतलेलं धोतर नेसून हपिसात जायचा. हो, धोतर. पायजमा कधी सुटला, आमच्या लक्षातही आलं नाही. मी म्हणायची, "भाऊ, गावातली पोरं घेऊन चार टोपल्या माती टाकून देत काऊन नाई?" तो माझ्याकडे असा पाहायचा, जशी काही मी अडाणी. "तलाव सरकारचा आहे. आपण हात लावला तं उद्या म्हणतील, कोणाले विचारून लावला?" पाय थकेपर्यंत तो येत राहिला. पार तशीच खचत राहिली.

त्याचा प्रकाश यातलं काहीच करत नाही. त्याने बोअर मारली, मोटार बसवली, बटण दाबलं की पाणी. तलावात आता बेशरमाची झुडपं माजली आहेत आणि गुरं बसतात. मी एकदा त्याला म्हणाले, तुझ्या आजोबानं, तुझ्या बापानं त्या तलावापायी काय काय केलं. तो हसून म्हणाला, "आत्या, कोणाची मर्जी सांभाळाची नाई, हेच बरं." बरं आहेच. त्याचा पोरगा हैदराबादेत असतो, त्याला धान पोटरीत येणं म्हणजे काय हे माहीत नाही. त्याचं त्याला बरं आहे. कोणाला सांगावं आणि काय सांगावं, असं होऊन मी गप्प बसते. गप्प बसता बसता गप्पपणाच अंगाला लागला.

त्या साली घरात मात्र गप्प कोणी नव्हतं. भाऊ शेतातून आला, वाळलेलं एक रोप मुळासकट उपटून आणलेलं. ते त्यानं बाबांसमोर ठेवलं. "अजून दोन दिवस. मंग पाणी सोडा का नका सोडू."

बाबा रोपाकडे पाहत होते. "हुकूम..."

"कोणाचा हुकूम? मालगुजार म्हंते माहा नाई. बाबू म्हंते माहा नाई. मंग कोणाचा राह्यला? आपलाच ना? तुमी नाई उघडत तं मी उघडतो. लहानपणी तुमच्या संगं बुड्या मारल्या मी. मले येते."

"तू हात नाई लावाचा."

"काऊन नाई लावाचा?"

माय मध्ये पडली. ती बाबांना म्हणाली, "सांगून टाका ना पोराले. किती दिवस पोटात ठेवान?" आणि बाबा सांगत नाहीत असं पाहून तिनंच सांगितलं. आमच्या आजोबानं, बाबांच्या बापानं, असाच एक कोरडा हस्त पडला तेव्हा नारळाची वाट न पाहता तुडूम उघडलं होतं. तेव्हाचे मालगुजार म्हणजे आताच्यांचे वडील. त्यांनी आजोबाला आपल्या अंगणात ओणवं उभं केलं, पाठीवर जात्याची तळी ठेवली, आणि दिवस मावळेपर्यंत हलू दिलं नाही. बाबा तेव्हा लहान. ते गडव्यात पाणी घेऊन गेले होते. पाणी पाजू दिलं नाही. आजोबाची पाठ पुढं कधी सरळ झाली नाही, आणि पाटाजवळची आमची चांगली बांधी गेली, शेवटची खडकाळ मिळाली. आजही आमची शेती शेवटाला आहे ती म्हणून.

भाऊनं सगळं ऐकलं. त्याचा आवाज खाली आला, पण म्हणाला तेच. "ते दिवस गेले, बाबा."

"दिवस जातेत गा," बाबा म्हणाले. "माणसं इथीच राह्यतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊनं तुडूम उघडलं.

मी पारीवर होते. आठ-दहा पोरं त्याच्याबरोबर होती, सगळी त्याच्याच वयाची. नारळ नव्हता. कोणीतरी म्हणालं, देवाला काहीतरी दाखवू या. सोमानं जवळची मूठभर वाळकी मोहफुलं देवापुढं ठेवली. भाऊ उतरला. वरचा दट्टा हातानं निघाला, दुसऱ्यासाठी त्याला दोनदा बुडी मारावी लागली. मग पारीच्या आत कुठंतरी घरघर झालं, आणि पलीकडे पाटात आधी गाळ, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं.

मी पाण्याबरोबर चालत गेले. पाट उपसलेला नव्हता, म्हणून ते गवतात अडायचं, लोक फावड्यानं वाट करून द्यायचे, की परत पुढं निघायचं. पहिल्या बांधीत शिरलं तेव्हा भेगांतून बुडबुडे आले. जमीन पाणी पिताना आवाज करते, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला पटणार नाही. बायका धुऱ्यावर उभ्या होत्या. मला वाटलं होतं आता काहीतरी मोठा गलबला होईल. झाला नाही. सगळे मधून मधून मालगुजारांच्या घराकडं पाहत होते. एक म्हणाला, "मालकाच्या बांध्यांना एक थेंब नाई देवाचा यंदा." भाऊ म्हणाला, "देऊ. पण शेवटी. रांगेत." हे ऐकून मात्र काही जण हसले, कारण मालगुजार रांगेत, हे चित्रच कोणाच्या डोळ्यांपुढं येत नव्हतं.

बाबा आले नाहीत. मी धावत घरी गेले सांगायला. ते अंगणात बसून आंघोळ करत होते. सणाला करतात तशी, अंग घासून. मग त्यांनी धुतलेलं धोतर काढलं. माय दारात उभी होती. ती म्हणाली, "नका जाऊ." ते म्हणाले, "पोराच्या आधी मी गेलो पायजे." डोक्याचा पटका काढून त्यांनी तिच्या हातात दिला आणि बोडक्या डोक्यानं निघाले. मायनं माझ्याकडं पाहिलं. "जाय बाई. मांगं मांगं जाय." आणि घरात जाऊन पाण्याचा गडवा आणून माझ्या हातात दिला.

त्या गडव्याचं वजन मला अजून आठवतं. मला तेव्हा भीती वाटली, फार वाटली. पुढं आयुष्यात मी नवरा गेलेला पाहिला, भाऊ गेलेला पाहिला, पण तशी भीती परत वाटली नाही.

मालगुजारांच्या अंगणात दोन बंड्या उभ्या होत्या. गडी पितळेची भांडी पोत्यात भरून बंडीत रचत होते. मालक कायमचे नागपूरला चालले होते, आम्हाला माहीत नव्हतं. स्वतः मालगुजार ओसरीवर उभे राहून, हे आधी ते नंतर, असं सांगत होते. मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. साधा माणूस. पोट सुटलेलं, एका पायात मोजा, दुसरा हातात.

बाबा अंगणाच्या मध्यावर गेले. म्हणाले, "मालक, पाणी मी सोडलो. नारळ नव्हता. पोराचा काई दोष नाई. जे असंल ते मले." आणि ते ओणवे झाले. हात गुडघ्यांवर, पाठ आडवी, मान खाली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना जागाही माहीत होती.

मालगुजारांनी पाहिलं. क्षणभर त्यांना काय चाललंय ते समजलं नसावं. मग म्हणाले, "बरं, बरं." आणि गड्याला म्हणाले, "अरे, तो हंडा आडवा ठेव, चेपेल." आणि मोजा घेऊन आत गेले.

बाबा तसेच होते. गडी येत-जात होते, त्यांना वळसा घालून भांडी नेत होते. एकानं तर बंडी मागं घ्यायची म्हणून "जरा सरका जी" म्हटलं. बाबा सरकले, पण ओणवेच. मी गडवा धरून उभी. मला वाटलं, मालगुजार परत बाहेर येतील, काहीतरी म्हणतील. शिवी देतील. देऊ देत एक शिवी, असं मला वाटलं, खरंच वाटलं. पण आतून फक्त कुलपं लावल्याचे आवाज येत होते.

शेवटी मी जवळ गेले. "बाबा, उठा जी."

"काय म्हणाले?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काई नाई म्हणाले. आत गेले."

"काईच नाई?"

"काईच नाई."

ते गुडघ्यांवर जोर देत हळूहळू उभे राहिले. मी गडवा पुढं केला. ते पाणी प्यायले नाहीत. घराकडं येताना रस्त्यात एकदा थांबले, म्हणाले, "माह्या बापाले याच्या बापानं दिवसभर उभं केल्तं. यानं मले पाह्यलंबी नाई." सुटलो म्हणून बरं वाटलं की आपली किंमतच उरली नाही म्हणून वाईट वाटलं, त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. त्या तोंडावर काहीच नव्हतं. आज आरशात कधी कधी मला ते तोंड दिसतं.

संध्याकाळी भाऊ घरी आला, गुडघ्यापर्यंत चिखल, दिवसभराचा उपाशी, आनंदात. आमच्या शेवटच्या खडकाळ बांधीतसुद्धा पाणी पोचलं होतं. धान वाचला होता. त्याला मालगुजारांच्या अंगणात काय झालं ते वाटेत कोणीतरी सांगितलं होतं. तो बाबांजवळ बसला. रागावला नाही. उलट इतक्या मऊ आवाजात बोलला की माय चुलीपुढून वळून पाहायला लागली.

"पाह्यलं ना बाबा? कोणी काई करत नाई आता. पुढच्या साली तुमीच उघडा. तुमच्यासारखं कोणाले येत नाई, मले दोनदा बुडी माराव लागली. फक्त कोणाले विचाराले नका जाऊ."

बाबा अगदी साध्या आवाजात, जसं कोणी म्हणावं की मला पोहता येत नाही, तसं म्हणाले, "न विचारता उघडणं मले येत नाई, गोविंदा."

त्यानंतर तुडूम भाऊच उघडायचा. बाबा जगले तितकी वर्षं दर कुवारात घरीच बसले.